मान टाकलेलं अंजीर

ताजं अंजीर पाणचट लागतं, त्यापेक्षा सुकं बरं, असं म्हणणाऱ्यांची एक मोठी जमात आहे. आमच्या नातेवाइकांत तर तिचं बहुमत आहे. परवा एका लग्नात फळांच्या टेबलावर अंजिराच्या फोडी पाहून आमच्या एका वन्संनी (वय वर्षं एकोणऐंशी, मत बदलण्याची शक्यता शून्य) नाक मुरडलं, तेव्हाच ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहायचं. तोंडी वाद घालून उपयोग नसतो. आपला मुद्दा रंगात येतो तोवर पानं वाढली जातात.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे. वन्संनी जे खाल्लं ते अंजीर होतं, पण अर्धं. आंबा कैरी असताना उतरवून अढीत घातला तर पिकतो. केळं, चिकू, सीताफळ, सगळी घरी आणून पिकवता येतात. अंजिराचं तसं नाही. तोडल्यावर ते मऊ पडतं, रंगही थोडा बदलतो आणि आपली फसगत होते की पिकलं. गोडी मात्र फारशी वाढत नाही. झाडाने जेवढी साखर भरली तेवढीच त्यात राहणार, देठ तुटला की हिशोब बंद. आणि झाड बरीचशी साखर भरतं ते अगदी शेवटच्या काही दिवसांत! म्हणजे चार दिवस आधी तोडलेलं अंजीर दिसायला अंजीरच असतं, पण त्यातला जो मुद्दा, तोच झाडावर राहून गेलेला असतो.

मग शेतकरी आधी का तोडतो? कारण पुरतं पिकलेलं अंजीर एक-दोन दिवसांपलीकडे तग धरत नाही. साल कागदापेक्षा पातळ. पाटीत पानं घालून हळुवार मांडलं तरी खालच्या थरातलं वरच्याच्या वजनाने दबतं. पहाटे तोडून, मार्केट यार्डात जाऊन, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि मग आपल्या पिशवीत येईपर्यंत त्याचा लगदा झाला तर पैसे कुणी द्यायचे? त्यामुळे मी शेतकऱ्याला दोष देत नाही. दोष द्यायचाच तर आपल्याला, म्हणजे गिऱ्हाइकाला. आपण गाडीवर उभं राहून प्रत्येक फळ दाबून बघतो आणि घट्ट असेल ते निवडतो. मऊ पडलेलं, सालीवर बारीक चिरा गेलेलं, देठाशी मान टाकलेलं अंजीर आपण 'खराब' म्हणून बाजूला सारतो. खरं तर तेच खायचं असतं.

हे मला कुणी शिकवलं तर माझ्या विद्यार्थ्यांनी. बी.ए. झाल्यावर माझी पहिली नोकरी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात लागली. सासवडच्या पुढे एसटीने जायचं आणि राहिलेलं पायी. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, राजेवाडी, हा सगळा पट्टा अंजिराचा. पाऊस बेताचा, हवा कोरडी, जमीन मुरमाड, पाण्याचा निचरा उत्तम. अंजिराला आणखी काय हवं? मी मराठी शिकवत असे. फळांचा हंगाम आला की वर्गातली निम्मी मुलं हात लपवायची. पहाटे उठून बागेत तोडणीला गेलेली असायची, आणि अंजिराचा पांढरा चीक बोटांना लागून कातडी सोलवटलेली असायची. "बाई, आज शुद्धलेखन नको, पेन धरवत नाही." सुरुवातीला मला ते निमित्त वाटायचं, मग एकदा मी हात उघडून दाखवायला सांगितले आणि त्यानंतर हंगामात शुद्धलेखन बंद ठेवलं. तोंडी घ्यायची सगळं. त्या वर्षांतल्या मुलांचं पाठांतर पक्कं आहे, शुद्धलेखनाचं विचारू नका. :)

अंजीर कसं निवडायचं ते त्यांनीच दाखवलं. कच्चं असताना फळ देठावर ताठ उभं असतं. पिकू लागलं की देठाशी मान मोडते आणि ते खाली लोंबतं. हिरवा रंग जाऊन तांबूस-जांभळी झाक येते. सालीवर उभ्या, केसासारख्या बारीक चिरा दिसतात. आणि बुडाशी जो डोळा असतो, तिथे कधीकधी मधासारखा एक थेंब येतो. तो थेंब दिसला की फळ तोडून घरी न्यायचं नाही, तिथेच खायचं. सकाळी, ऊन चढायच्या आत, न धुता (हो, न धुता, ज्यांना हे चालत नाही त्यांनी धुवावं), हाताने दोन भाग करून. आतला गर गुलाबीसर, ओलसर, दाणेदार. गोडी साखरेसारखी सरळ लागत नाही, तिला मागून किंचित गवताळ, पानांचा वास येतो. सुक्या अंजिरात ही चव शोधू नये. ती तिथे नसतेच.

सुक्याविषयीही दोन शब्द बोलते, कारण वन्सं तिथेच अडल्यात. दोरीत ओवून येतात ती अंजिरं बहुतेक अफगाणिस्तानातली, तुर्कस्तानातूनही येतात. त्या जाती वेगळ्या, हवा वेगळी. तिकडे फळ झाडावरच सुरकुततं, निम्मं वाळून आपोआप खाली पडतं, मग उन्हात घालून पुरं वाळवतात. आपलं पुरंदरचं अंजीर, ज्याला पुस्तकांत 'पूना' जात म्हणतात, ते ताजं खायचं फळ आहे. वाळवण्यासाठी ते प्रसिद्ध नाही आणि असण्याचं कारणही नाही. हापूसची तुलना आंबापोळीशी करून हापूस कमी गोड असा निकाल कुणी देत नाही, मग अंजिरावरच हा अन्याय का?

दुसरी एक गोष्ट निस्तरायची आहे. व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो की अंजिरात मेलेली माशी असते, म्हणून ते मांसाहारात मोडतं. आमच्या शेजारणीने तो वाचून अंजीर सोडलं. यात अर्धं सत्य आहे. अंजीर हे वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातलं. या सगळ्यांची फुलं फळाच्या आत, बाहेरून दिसत नाहीत. म्हणून तर दुर्मीळ माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. फुलं आत कोंडलेली, तेव्हा परागीभवन करायला एक चिमुकला कीटक त्या डोळ्यातून आत शिरतो. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं म्हणतात ते उगीच नाही! तुर्कस्तानातल्या स्मर्ना जातीच्या अंजिरालाही असा कीटक लागतो. ती झाडं कॅलिफोर्नियात नेऊन लावली तेव्हा फळं धरायची आणि पिकण्याआधीच गळायची. शेवटी १८९९ च्या सुमारास तो कीटक मुद्दाम तिकडे नेऊन वसवला, तेव्हा फळं पिकू लागली.

पण पुरंदरच्या अंजिराला कीटक लागतच नाही. ते परागीभवनावाचून फळतं. आत कुणी शिरत नाही, कुणी मरत नाही. दाताखाली जे बारीक दाणे येतात ती बियांची पोकळ टरफलं असतात, त्यांत रुजणारं बीज नसतं. जैन मंडळी आपल्या आचाराप्रमाणे अंजीर वर्ज्य मानतात, तो त्यांचा विचार आणि त्याला मी हात घालत नाही. पण माशीच्या धास्तीने कुणी पुरंदरचं अंजीर टाळत असेल तर ती धास्ती निराधार आहे.

आता या पोकळ बियांचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं. ज्याची बी रुजत नाही ते झाड माणसाच्या हाताशिवाय पुढे जात नाही. पुरंदरचं अंजीर म्हणजे एका झाडाचा फाटा काढून दुसरं, दुसऱ्याचा काढून तिसरं, किंवा फांदीला गुटी बांधून चौथं. आज दिव्याच्या बागेत उभं असलेलं झाड हे शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी झाडाचं मूल नव्हे, तेच झाड आहे. फक्त हात बदलत आलेत. २००६ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं. जॉर्डनच्या खोऱ्यात जेरिकोजवळ एका जुन्या वस्तीत सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळकी अंजिरं सापडली, आणि ती बिनबियांच्या जातीची, म्हणजे फाटे लावून वाढवलेली असावीत असं संशोधकांचं म्हणणं होतं. गहू-जव पेरण्याआधी माणसाने अंजिराचा फाटा खोचला! सगळ्या तज्ज्ञांना हे मान्य नाही, पण मला मात्र ते पटतं. पेरणी करायला डोकं लागतं, फाटा खोचायला शेजारधर्म पुरतो.

माझ्या परसातलं झाडही असंच. १९९१ साली बदली होऊन पुण्यात आले तेव्हा एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी निरोपाला नारळाबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले पाच फाटे दिले. पाचातले तीन फुटले, दोन शेजारी गेले, एक कोथरूडच्या आमच्या बैठ्या घरामागे लावला. ते मूळ झाड खोडकिड्याने गेलं, पण जाण्याआधी त्याचा फाटा मी धरून ठेवला होता. आत्ताचं झाड तो. यजमान गमतीने त्याला 'अंजीर दुसरे' म्हणायचे, पेशव्यांसारखं.

कोथरूडात पाऊस सासवडपेक्षा बराच जास्त. त्यामुळे पावसाळ्यात पानांखाली तांबेरा हमखास येतो, पानं गळतात, झाड आजारी दिसतं. बघणारे हळहळतात. मी फार मनावर घेत नाही. रोगट पानं झाडून उचलते, गरज पडली तर बोर्डो मिश्रण फवारून घेते, आणि झाडाला विश्रांती देते. अंजिराचे बहार दोन, खट्टा आणि मीठा. नावातच सगळं आलं. मी मीठाच धरते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरला की छाटणी, कारण अंजीर नव्या फुटीवर धरतं, जुन्या फांद्या जपून ठेवण्यात अर्थ नाही. मग शेणखत, मग बेताचं पाणी. मार्चमध्ये पहिली फळं. छाटताना हाताला खोबरेल चोळते आणि बाह्या लांब ठेवते. चीक वाईट, डोळ्यांत गेला तर फार वाईट. (हाच चीक दुधात पडला तर दूध फाटतं. म्हणून कच्चट अंजिराचं शिकरण करू नये, आधीच सांगितलं नाही म्हणू नका.)

राखण हा मुख्य उद्योग. दिवसा बुलबुल आणि कोकिळा, रात्री वटवाघळं. त्यांना मान टाकलेलं अंजीर माझ्याआधी कळतं. जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधते. सगळ्यांना नाही, वरच्या फांद्या पाखरांच्या. हंगामात अवकाळी पाऊस आला तर फळं फुटतात, त्यावर इलाज नाही. सगळं धरून दिवसाला सात-आठ फळं हाती लागतात. दोन मी खाते, बाकी गल्लीत जातात.

एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. माझं अंजीर सासवडच्या अंजिराइतकं चांगलं नसतं. लाकूड तेच, माया तीच, पण जमीन आणि हवा ती नाही. गर थोडा सैल, गोडी थोडी कमी. बाजारातल्यापेक्षा कितीतरी सरस, पण बागेत उभं राहून खाल्लेल्यापेक्षा उणंच. 'पुरंदर अंजीर' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागचा विचार हाच आहे की नाव नुसत्या झाडाला नाही, त्या मातीतल्या झाडाला. माझ्या झाडाला ते नाव लावता येणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आणि म्हणूनच २०१६ सालची दुसरी घोषणा मनातून जात नाही. त्याच वर्षी पुरंदर तालुक्यात विमानतळ होणार असं जाहीर झालं. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव, या सात गावांची जमीन. अंजीर-सीताफळाच्या बागा असलेला मुलूख. २०२५ च्या मे महिन्यात तिथे मोजणीला विरोध झाला, पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. पुण्याला मोठा विमानतळ हवा की नको, हे ठरवण्याइतकं मला कळत नाही. मुलांना भेटायला मीही विमानानेच जाते. पण चहाच्या कपावर एक वाक्य सहज टाकलं जातं, "झाडांचं काय, दुसरीकडे लावता येतील की", ते मला सहन होत नाही. फाटा दुसरीकडे लावता येतो, मीच लावला आहे. आणि दुसरीकडे लावल्यावर काय होतं ते मी दर मार्चमध्ये खाते. ज्याला अंजिराची बाग आहे त्याला झाडांचे पैसे मोजून देता येतील. पण कुठल्या बांधावरचं झाड आधी पिकतं, कुठल्या वाफ्यात पाणी लवकर तोडायचं, हे ज्याला माहीत आहे त्या माणसाला दुसऱ्या गावात नेलं की त्याचं ते जाणणं निरुपयोगी होतं. त्याची किंमत कुठल्या तक्त्यात बसवणार?

गंमत म्हणजे (गंमत म्हणायची तर) २०२४ च्या ऑगस्टमध्ये याच पुरंदरच्या अंजिराचा रस पोलंडला निर्यात झाला. मला आनंद झाला. फळ प्रवास करू शकत नाही तर रस करून पाठवावा, शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत, ठीकच आहे. फक्त मला भीती एवढीच वाटते की उद्या प्रवासाला टिकेल तीच जात चांगली, असं ठरेल. टोमॅटोचं काय झालं ते आपण पाहिलंच. आमच्या लहानपणी टोमॅटो हातात धरला तर बोटं रुतायची. आता तो जिन्यावरून गडगडत खाली आला तरी सुखरूप असतो, आणि चव तशीच! जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, तिथली माणसं चांगलं काम करतात. पण तेही शेवटी बाजार मागेल ते देणार. बाजार म्हणजे कोण? गाडीवर फळ दाबून बघणारे आपणच.

तेव्हा माझी नातेवाइकांना आणि इथे येणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. मार्च-एप्रिलमध्ये एका सकाळी दिवे घाट चढून सासवडकडे जा. रस्त्याच्या कडेला बाया पाट्या घेऊन बसलेल्या असतात. किलोभर घेऊ नका, पाव किलो घ्या. "आजच्या आज खायचीत, पिकलेली द्या" एवढंच सांगा. त्या आधी तुमच्याकडे बघतील, मग पाटीच्या तळातली किंवा मागे वेगळी ठेवलेली काढून देतील. ती विकली जात नाहीत म्हणून त्या घरी पोरांना द्यायला ठेवतात. तिथेच उभं राहून खा. रुमाल न्या.

ज्यांच्या घरामागे थोडी जमीन आहे त्यांच्यासाठी: आमच्या घराच्या पुनर्विकासाचं आता ठरल्यातच जमा आहे, त्यामुळे 'अंजीर दुसरे' यांचं पुढचं वर्ष शेवटचं असू शकतं. सप्टेंबरच्या अखेरीस छाटणी करेन तेव्हा फाटे मिळतील. अंगठ्याएवढी जाड, मागच्या वर्षीची काडी, वीतभरापेक्षा थोडी लांब, तीन-चार डोळे असलेली. दोन भाग मातीत, एक भाग वर. डोळ्यांची दिशा उलटी करू नका. दीड-दोन महिने पाणी साठू न देता ओल ठेवायची, पानं आली म्हणून उपटून मुळं बघायची नाहीत. तिसऱ्या वर्षी खाण्याजोगी फळं येतील. कुंडीतही येतं, कुंडी मोठी हवी आणि ऊन दिवसभर.

परदेशातल्या भाचरांनी फाटे मागू नयेत, विमानतळावर काढून घेतात. न्यू जर्सीच्या भाच्याने तिथल्या इटालियन शेजाऱ्याकडून मागावेत. ते लोक थंडीत अंजिराच्या झाडाला गोधडीसारखं गुंडाळून ठेवतात म्हणे, म्हणजे माणसं विश्वासाची आहेत.

पुण्यातल्यांनी येताना ओलं फडकं आणि जुनं वर्तमानपत्र आणावं. सकाळी दहाच्या आत, नंतर मी झोपते. वन्संसाठी दोन फाटे वेगळे काढून ठेवणार आहे, त्यांना सांगू नका.